कपाटावरची गिटार

प्रत्येक घरात कपाटाच्या माथ्यावर एक निराळाच संसार नांदत असतो. रोज लागणाऱ्या वस्तू खाली, कधीमधी लागणाऱ्या वरच्या खणात, आणि ज्या लागत तर नाहीत पण टाकवतही नाहीत, त्या कपाटावर. आमच्या कपाटावर एक पाय मोडलेला पाळणा आहे, सासूबाईंच्या लग्नातली पितळी परात आहे, मी अर्ध्यावर सोडलेल्या दोन कादंबऱ्यांची बाडे आहेत. आणि गेल्या वर्षीच्या भाद्रपदापर्यंत तिथे, जुन्या चादरीच्या खोळीत गुंडाळलेली, माझ्या धाकट्या भावाची विजेवरची गिटार होती.

दिवाळीची झाडलोट निघाली की ती खोळ मी स्वतः उतरवी, धूळ झटकी आणि होती तशी पुन्हा वर ठेवी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. दहा-अकरा वर्षे हा नेम चालला. देव्हाऱ्यातल्या टाकांनासुद्धा माझ्याकडून इतकी निगुतीची सेवा घडली नसेल.

भावाने ती २००७ साली घेतली. तेव्हा लोकलगाडी विरारलाच थांबे. डहाणूपर्यंत ती आली २०१३ मध्ये. मुंबईहून कुणा वादकाने वापरलेली ती गिटार खांद्याला लावून, विरारला गाडी बदलून, शटलच्या गर्दीत ती कुणाला लागू नये म्हणून पालघरपर्यंत दारात उभा राहून तो आला होता. पहिल्या पगाराचे आणि उसनवारीचे पैसे तिच्यात गेले होते. आमच्या या पट्ट्यात लग्न म्हटले की हळद आली आणि हळद म्हटली की वाजंत्री आली. सातपाटीपासून बोईसरपर्यंत किती मांडवांत त्याने ती वाजवली असेल, देव जाणे! दिवसा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करायची आणि रात्री हळदीला उभे राहायचे. आई ओरडे, "अरे, झोपतोस कधी?" तो म्हणे, "आंघोळ करताना."

मग ज्या वर्षी आमचा पालघर जिल्हा झाला, त्याच २०१४ च्या पावसाळ्यात एका कारखान्यात दोन रुळांच्या मध्ये त्याचा हात ओढला गेला. मधल्या बोटाची आणि अनामिकेची वरची दोन-दोन पेरे गेली. डाव्या हाताची. ज्याला गिटारीतले कळत नाही तो म्हणतो, नशीब, डावाच गेला! पुष्कळांनी तसे म्हटलेही. पण गिटारीत उजवा हात नुसती तार छेडतो. सूर कोणता निघायचा ते डावा हात ठरवतो. इस्पितळातून घरी आल्यावर आठवड्याभराने तो ती खोळ घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "ताई, तुझ्याकडे राहू दे. माझ्या घरी नको," एवढेच म्हणाला. मी चहा टाकला. तो न घेताच गेला. तेव्हापासून चारचौघांत त्याचा डावा हात खिशात असतो.

आता माझ्याविषयी दोन शब्द. मी शाळेत चित्रकला शिकवते. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका तेवढी पदरात पाडून घेतली. कादंबऱ्याही लिहिते, पण त्यांच्यामुळे कुणी मला विदुषी समजेल अशी भीती नाही. सांगायचे इतकेच की, रंगातले आपल्याला कळते असा मला मोठा दिमाख होता. तो कसा उतरला, तीच ही हकीकत.

आमचे चिरंजीव नववीत. गेल्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने मला न विचारता मामाला फोन लावला आणि गिटार मागितली. नंतर फोन माझ्या हातात दिला. पलीकडून भाऊ म्हणाला, "घेऊ दे की. माझ्या काय कामाची?" आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हते. रद्दीवाल्याला वर्तमानपत्रे द्यावीत तसा तो बोलला. हेच मला लागले.

खोळ सोडली. लाल रंगाची ती गिटार. रंगाचे पोपडे सुटलेले, मांडवातल्या धुराने तो विटून विटकरी झालेला. आणि वरच्या कडेला, जिथे वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो, तिथे घासून घासून लाल पार उडालेला. मुलगा म्हणाला, "आई, आपण हिला नवा रंग देऊ या."

मी ताडकन म्हणाले, "मुळीच नाही! तार बदल, काय हवे ते कर. रंगाला हात लावायचा नाही."

त्याला कारण कळेना आणि मला सांगता येईना. त्या घासलेल्या जागी माझ्या भावाचा हात होता. सात वर्षांच्या हळदी होत्या. तो डाग खरवडून टाकायचा म्हणजे त्या वर्षांवरून पोतेरे फिरवायचे, असे मला वाटत होते. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलले नाही. आमच्या "ह्यां"नी नेहमीप्रमाणे दोन्ही पक्षांना तुमचेच बरोबर असे खाजगीत सांगितले.

तिसऱ्या दिवशी वर्गात वारली चित्रांचा धडा होता. आमच्या मुलखातली ही कला जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे मी दरवर्षी सांगते. मूळची ती लग्नघरच्या सुवासिनींची कला. शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा. धडा सांगता सांगता पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीला मी सहज विचारले, "तुमच्या घरात मागच्या लग्नाचा चौक अजून आहे का गं?"

"आहे की, बाई," ती म्हणाली.

"कुठे?"

"खाली. वरून सारवलंय."

तिच्या सुरात खेद नव्हता. नवे लग्न निघाले की भिंत पुन्हा सारवायची, जुना चौक शेणाखाली जायचा, त्यावर नवा लिहायचा. जुना पुसला असे ती म्हणालीच नाही. खाली आहे म्हणाली. मी घरी आले आणि मुलाला म्हटले, "काढ रंग. पण मी बरोबर बसणार."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पितृपक्षात नवीन काम काढू नये."

"नवीन कुठे, आई? ही जुनीच आहे," मी म्हटले. त्यांना ते पटले की माझी दया आली, कळले नाही. पण पडवीतली बाज त्यांनी आमच्यासाठी रिकामी करून दिली.

आधी तारा थोड्या थोड्या सैल करून काढल्या. एकदम तोडल्या तर मानेला झटका बसतो. मग मागल्या पत्र्याचे चार स्क्रू काढले आणि लांब मान अलगद हातात आली. मला धसकाच बसला. चिरंजीव मात्र हसले. या गिटारी अशाच जोडलेल्या असतात, म्हणून दुरुस्तीला सोप्या. पोटावरची प्लास्टिकची पाटी उचलली तर तिच्या पाठीला सारा विजेचा पसारा चिकटलेला. बारीक लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसाहून पातळ तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेढ्यांत वीज उपजते, ती ध्वनिवर्धकात जाऊन गाऊ लागते. आमच्या मिरजेच्या तंबोऱ्यात सूर घुमतो तो भोपळ्याच्या पोकळीत. त्या भोपळ्याची जात, लाकडाचे वय, वरचे लाखेचे पॉलिश, सगळ्यांचा तिथे मान राखावा लागतो. ही बाई भरीव लाकडाची. तिच्या अंगावर कोणता रंग आहे याची तिच्या आवाजाला फारशी पर्वा नाही. हे कळल्यावर मला थोडा धीर आला. सुटणाऱ्या तीन तारांचे मी रंगीत पेन्सिलींनी नीट चित्र काढून ठेवले, आणि मगच मुलाने त्यांचे डाख सोडवले. त्या सबंध कामात माझी खरी मदत झाली ती एवढीच.

रंग कोणत्या जातीचा ते आधी पाहावे लागते. पाटीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी थिनरचा बोळा घासून पाहिला. लाल रंग सुरकुतला आणि सायीसारखा सुटून आला. खाली लाकूड दिसायला हवे होते. दिसला निळा. चकचकीत, आकाशी निळा. त्यावर थिनरचा काही परिणाम होईना.

आम्ही दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तेवढ्यात मुलाने लाल पापुद्रा उजेडात धरला. "आई, यात केस आहेत बघ." मी चष्मा लावून पाहिले. केस नव्हे, कुंचल्याचे केस. लाल रंग फवाऱ्याचा नव्हताच. घरी बसून, हाताने, साध्या ऑइलपेंटने फासलेला होता. आणि एकाएकी मला आठवले: माझा पदविकेच्या वेळचा, पोटाला चिमटा घेऊन घेतलेला सपाट कुंचला! माहेरी ठेवला होता, तो २००८ च्या सुमारास नाहीसा झाला. मी आकाशपाताळ एक केले होते. भाऊ शोधायला सर्वांत पुढे होता!

मी इतकी हसले की सासूबाई बाहेर आल्या. पण हसता हसता माझे डोळे भरून आले. जो लाल रंग मी दहा वर्षे देवासारखा जपला, तो मुळी त्या गिटारीचा नव्हताच. माझ्या भावानेही कधीतरी ती अशीच पडवीत उघडून बसवली होती आणि आदल्या मालकाचा निळा झाकून स्वतःचा लाल चढवला होता. त्याने कुणाची परवानगी घेतली नव्हती. माझ्या कुंचल्याचीसुद्धा!

आता निळाही खरवडावा असे मुलाच्या मनात होते. ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन तो तासभर भिडला आणि निळ्यावर नुसते ओरखडे उठले. तेव्हा आम्ही पालघर-बोईसर रस्त्यावरच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेलो. हातातली मोटार सोडून त्याने गिटारीच्या निळ्या अंगावरून नख फिरवले. "बाई, हा कंपनीचा रंग आहे. लाकडाला धरून बसलाय. जो धरून बसलाय त्याला उखडायचं नसतं. सुटलंय तेवढं काढा, बाकीचं नुसतं खडबडीत करा आणि वर मारा." इतका शहाणा सल्ला मला आजवर कोणत्याही शिबिरात मिळालेला नाही. मी शिक्षिका असल्याचे कळल्यावर त्याने पैसे घ्यायचे नाकारले. त्याऐवजी त्याच्या मुलीची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेची तयारी करून द्यायचे ठरले.

मोटारवाल्याकडे गिटार नेली याचे कुणाला नवल वाटेल. पण हे नाते जुने आहे. आपले सुतार फवाऱ्याने मारलेल्या कोणत्याही गुळगुळीत रंगाला 'ड्युको' म्हणतात. ड्युको हे अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीच्या, १९२० नंतरच्या दशकात निघालेल्या मोटारीच्या रंगाचे नाव. त्याआधी मोटार रंगवून वाळायला आठवडे लागत. हा रंग तासांत वाळू लागला. पुढे कॅलिफोर्नियात लिओ फेंडर याच्या कारखान्यात विजेवरच्या गिटारी होऊ लागल्या, तेव्हा त्यांनाही हेच मोटारींचे रंग लागले. आमच्या हातातल्या गिटारीचा घाट ज्या स्ट्रॅटोकास्टरवरून उचललेला, ती १९५४ ची. आणि मौज अशी की, या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नसे! हे मुलाने सांगितल्यापासून माझा आत्मविश्वास पुष्कळच वाढला.

घासणे म्हणजे काय ते मी तेव्हा शिकले. शाळेत आम्ही रंग लावायला शिकवतो. रंगासाठी जागा तयार करायला शिकवत नाही. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा, म्हणजे सपाटीला खळगे पडत नाहीत. आधी २४० नंबर, मग ३२०. कडेवर जोर द्यायचा नाही, नाहीतर कड गोल होते आणि वस्तूचा चेहराच जातो. नाकातोंडाला फडके. पोपडे निघालेल्या जागी लांबी भरायची, वाळली की घासायची, पुन्हा भरायची. खालच्या कोपऱ्याला कुठल्याशा मांडवात खांबावर आपटून एक पोचा पडला होता. तिथे लाकूड उघडे होते. मुलाने त्यावर ओले फडके ठेवून इस्त्री टेकवली. वाफ लाकडात शिरली आणि दबलेले तंतू फुगून पोचा जवळजवळ भरून आला. इस्त्री अर्थातच माझी होती. मामाभाचे सारखेच!

रंग कोणता, यावर पुन्हा चर्चा झाली. मुलाला काळा हवा होता. "ह्यां"नी पांढरा सुचवला, कारण घराला दिल्यावर तो डबाभर उरला होता. मी म्हटले, गेरू. मुलगा विचारात पडला. पेंटवाल्याकडे लोखंडाला लावायच्या रेड ऑक्साइडचा डबा उघडा होता, तो मी दाखवला. गेरू काय नि हा काय, दोन्ही लोखंडाच्या गंजाचेच भाऊबंद. मुलाला तो रंग आवडला. "पण वर तारपा नाचणारी माणसं नकोत हं, आई," त्याने बजावले. मलाही नकोच होती. आमच्या जिल्ह्यात ती आता बसथांब्यापासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडे नाचत असतात; एखादी भिंत मोकळी असलेलीही बरी.

नवरात्रातल्या रविवारी गॅरेज बंद होते, म्हणून त्याचा लहान काँप्रेसर रिक्षात घालून आणला. मान बसते त्या खाचेला कागदी पट्टी लावून झाकली, कारण तिथे रंगाचा थर चढला तर मान पुन्हा नीट बसत नाही. तिथल्याच भोकांत एक काठी स्क्रूने आवळली आणि गिटारीचे धड पडवीत झोपाळ्याच्या कडीला टांगले. थिनर पेट घेतो, म्हणून सासूबाईंची समई आणि उदबत्ती त्या वेळेपुरती विझवली. त्या म्हणाल्या, "देवीला आज थिनरचाच धूप!" वीतभर अंतर ठेवून, आधी कडा, मग पाठ, मग पोट, असा पातळ हात मारायचा. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करायचा नि बाहेरच थांबवायचा. मुलाने दुपारी दोन हात मारले. सुंदर बसले. सारवून नुकत्या वाळलेल्या भिंतीसारखा तो रंग दिसू लागला.

इथे माझा दिमाख आडवा आला. संध्याकाळी पावसाची एक सर येऊन गेली. मुलगा म्हणाला, "आता उद्या." मी म्हटले, "काँप्रेसर सकाळी परत द्यायचाय. आण इकडे, मी मारते. रंगात माझे आयुष्य गेलेय!" आणि मी भरपूर, सढळ हाताने तिसरा हात मारला. पाच मिनिटांत त्या गेरूवर धुके उतरले. जांभळावर पांढुरकी लव असते तशी सगळ्या अंगावर. पुसून जाईना. मुलगा काही बोलला नाही. आत गेला आणि जेवला नाही. मी पडवीत त्या टांगलेल्या धडासमोर बसून राहिले. भावाचा लाल मी घालवला होता आणि मुलाचा गेरू नासला होता.

रात्री धीर करून पेंटवाल्याला फोन केला. तो हसला. "रडू नका, बाई. हवेतलं पाणी बसलंय. थिनर उडताना रंग गार पडतो, ओल्या हवेत त्यावर दव धरतं. उद्या ऊन पडलं की दुपारी जास्त थिनर घातलेला एक पातळ हात मारा. वरचा थर विरघळेल, पाणी निघून जाईल." तसेच झाले. दुसऱ्या दिवशी बाराच्या उन्हात मुलाने एकच पातळ हात फिरवला आणि डोळ्यांदेखत ते धुके विरले. मी मुलाची माफी मागितली. आईने माफी मागावी हे त्याला इतके अपरिचित होते की, तोच ओशाळला.

दसऱ्यापर्यंत वरचे पारदर्शक लॅकरचे हात पुरे झाले. मग दोन आठवडे थांबायचे. हा सर्वांत अवघड भाग. वरून कोरडा वाटणारा रंग आतून ओला असतो. घाई केली तर पुढे तो खचतो. मुलगा रोज शाळेतून आला की नाक लावून वास घेई. वास गेला की रंग वाळला, ही खूण. वसुबारसेला वास गेला. मग पाण्याच्या पेपरने, १०००, १५००, २००० अशा चढत्या नंबरांनी, साबणाचा थेंब टाकून घासणे. स्क्रूच्या भोकांत पाणी शिरून लाकूड फुगू नये म्हणून त्यांत मेणबत्तीचे मेण. आणि शेवटी मोटारीला लावतात ते कंपाउंड मऊ कापडाने. इकडे माझ्या चकल्या, तिकडे त्याचे पॉलिश. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या पडवीतली कोणती पणती खरी आणि कोणती गिटारीतली, हे ओळखू येत नव्हते.

आता भाऊबीज. भाऊ दरवर्षीप्रमाणे दुपारी आला. त्याने पाटावर बसावे, मी ओवाळावे, त्याने उजव्या हाताने ताटात पाकीट ठेवावे आणि डावा हात खिशात असावा, हे सगळे नेहमीसारखे झाले. माझे काळीज मात्र धडधडत होते. मुलाने आतून गिटार आणली आणि मामाच्या मांडीवर ठेवली.

भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग उजव्या हाताचा अंगठा त्याने कडेवरून फिरवला. "कड राखलीयस रे," तो मुलाला म्हणाला. गिटार उजेडात तिरकी धरली. "इथं संत्र्याच्या सालीसारखं आलंय. हे तुझं काम नाही. हे ताईचं." सगळे हसले, मीही. "आणि माझा लाल?"

"काढला," मी म्हटले. माझा आवाज फुटेना.

"बरं केलंत. फार वाईट बसला होता. तो कुंचलाच भिकार होता."

"माझा होता तो!" मी ओरडले. सतरा वर्षांपूर्वीचे भांडण ताटातल्या करंज्यांवरून पुन्हा सुरू झाले. त्या आनंदात मुलाला अवसान चढले आणि कित्येक दिवस मनात साठवलेले तो बोलून गेला. इंग्लंडात बर्मिंगहॅमला टोनी आयोमी नावाचा एक सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोके गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि पुढे तो जगप्रसिद्ध झाला. त्याला धीर आला तो जँगो राइनहार्ट ऐकून. जँगोची तर डाव्या हाताची दोन बोटे १९२८ च्या आगीत कायमची निकामी झाली होती, तरी–

"माहीत आहे मला," भाऊ शांतपणे म्हणाला. "इस्पितळातच तिघांनी सांगितलं. नंतर दहा जणांनी. ती माणसं मोठी होती रे. मला मोठं व्हायचं नव्हतं. मला हळदीला वाजवायचं होतं."

घरात एकदम शांतता झाली. या दहा वर्षांत त्याने हे वाक्य कुणाला ऐकवले नसेल. आम्हीही ऐकायला थांबलो नव्हतो. आम्ही सारे त्याला धीर देण्यात गुंतलो होतो. आपले माणूस नुकसान सोसत असते तेव्हा त्याला उपाय सुचवणे सोपे असते. त्याचे नेमके काय गेले, हे विचारणे अवघड जाते.

मग त्याने खाली पाहिले. "तारा कुणी लावल्या? सूर कुठाय हिला?" असे पुटपुटत त्याने डावा हात खिशातून काढला. अंगठा आणि तर्जनी, दोनच बोटांनी त्याने खुंट्या पिळायला सुरुवात केली. उजव्या हाताने तार छेडायची, कान तिरका करायचा, डाव्याने खुंटी किंचित आवळायची. सहाव्या जाड तारेपासून पहिल्या बारीक तारेपर्यंत. माझ्या दिवाणखान्यात, सर्वांसमक्ष, तो हात उघड्यावर होता आणि त्याच्या ते लक्षातही नव्हते. सूर लागले. त्याने एकदा सहाही तारांवरून हात फिरवला. एवढेच. वाजवले काहीच नाही. गिटार भाच्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "अंगठा मागे. पहिलं बोट दुसऱ्या पट्टीवर. वाकडं नको, उभं. दाब. दुखेल. दुखू दे."

त्यानंतर बहुतेक रविवारी तो येतो. स्वतः वाजवत नाही. मीही कधी सुचवत नाही. पाटावर बसून, हाताने हवेत खुणा करत भाच्याला शिकवतो, चुकला की ओरडतो, आणि चहा मात्र आता घेऊनच जातो. कपाटावर रिकामी जागा झाली आहे. तिथे काही ठेवायचे माझ्या अजून मनात आलेले नाही. गेरूवरचा उजव्या हाताखालचा भाग आतापासूनच किंचित मंद दिसू लागला आहे. पुढेमागे तिथून निळा डोकावेल. तेव्हा त्यावर कोणता रंग चढवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्या भाऊबिजेला भाऊ गेल्यावर मी पाकीट उघडले. नेहमीच्या रकमेहून पैसे जास्त होते आणि कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिले होते, "जास्तीचे कुंचल्याचे. व्याज मागू नये." मी नवा सपाट कुंचला आणला आहे. कुलपात ठेवते.